बटाट्याच्या गोडाऊनमागची तार

ती तार मी जोडली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते उशिरा सांगण्याची चूक माझ्या हातून एकदा झाली आहे. दहा-बारा फूट हिरवी तार. तिच्या एका टोकाला माझ्या थोरल्या भावाचं झटका मशीन, दुसऱ्या टोकाला आमच्या प्रयोगशाळेच्या अर्थिंगचा खड्डा. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी ती जोडली. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांपायी एका हुशार बाईला दीड महिना स्वतःच्याच हातांची खात्री वाटेनाशी झाली. आणि चूक तिच्या हातांत आहे असं भर बैठकीत पहिल्यांदा म्हणणाराही मीच होतो.

घोडेगावहून शिनोलीकडे जाताना रस्त्यापासून आत एक बिनखिडक्यांची मोठी इमारत आहे. पूर्वी ते बटाट्याचं कोल्ड स्टोरेज होतं आणि मी तिथं अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर मेकॅनिक होतो. पुढं ते बंद पडलं. काही वर्षं आत वटवाघळं राहिली. मग पुण्याच्या एका संस्थेनं इमारत घेतली. त्यांना जाड भिंती हव्या होत्या, आसपास गडबड नको होती आणि थंडीची यंत्रं कळणारा माणूस हवा होता. बटाटे गेले, मी राहिलो. गावातले लोक अजूनही बटाट्याचं गोडाऊनच म्हणतात, आणि मला ते आवडतं. बटाट्याला साधारण चार अंश लागायचे, आताच्या यंत्रालाही चारच अंश लागतात. फक्त बटाट्याचे चार आपल्या शून्याच्या वरचे. यंत्राचे चार जगात ज्याच्या खाली जाताच येत नाही त्या शून्याच्या वरचे, म्हणजे आपल्या शून्याखाली दोनशे एकोणसत्तर.

एवढ्या थंडीत काही धातूंचा विजेला होणारा विरोध संपूनच जातो. वीज त्यातून अशी जाते की वाटेत काहीच सांडत नाही. अशा धातूंच्या चिपा आमच्याकडे तपासतात. त्या फार हुशार असतात, पण त्यांचा आवाज फार बारीक. चिप काही बोलली तर व्होल्टचा हजारावा भाग, कधी त्याहून कमी. बाहेर टेबलावर ठेवलेल्या साध्या यंत्रांना ते ऐकूच येत नाही. म्हणून मध्ये एक ॲम्प्लिफायर लागतो, आणि तोही त्याच थंडीत बसवायचा, त्याच जातीच्या धातूचा. आमच्या मॅडम तो बनवत होत्या. चार वर्षं.

तो कसा चालतो हे दादाला समजावून सांगताना मला स्वतःला नीट कळलं. मी आणि दादा एकाच घरात राहतो, आणि आमचं मळ्यातलं घर प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. दादा मक्याला पाणी देत होता. मी म्हटलं, हा पाट सरळ वाहतोय ना, तशी एका बारीक पट्टीतून वीज सरळ वाहत असते. चिपेचा बारीक आवाज त्या पट्टीच्या अरुंद जागी आला की तिथं क्षणभर अडतं. मग सगळी वीज बाजूच्या वाटेनं बाहेर पडते, आणि ती बाहेरच्या यंत्राला ऐकू जाते. दादानं खोऱ्यानं चिखलाचा एक गोळा उचलून पाटात टाकला, शेजारच्या वाफ्याचं दारं मोडलं आणि सगळं पाणी तिकडं वळवलं.

"म्हंजी मूठभर चिखल, आन पाटभर पानी," तो म्हणाला. "यवढ्यासाठी चार वर्सं?"

ही गोष्ट मी मॅडमना सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. पुढं पुण्याहून कुणी पाहुणे आले की त्या हीच उपमा द्यायच्या आणि वर सांगायच्या, ही आमच्या शेजारच्या दादांची आहे.

मॅडम मंचरच्या. कापडाचं जुनं दुकान, मारवाडी जैन घर, पण चार पिढ्यांपासून इथलेच. बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध. कांदा-लसूण नाही, बटाटाही नाही, कारण जमिनीखालचं खायचं नाही. दादा त्यांना तोंडावर म्हणायचा की बटाटा खात न्हाई आन बटाट्याच्या गोडाऊनात बसता, हे काय बरं न्हाई. त्यावर त्या म्हणायच्या, म्हणूनच मला इथं नेमलंय दादा, चोरीची भीती नाही. सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं म्हणून रोज साडेपाचला मागच्या पायरीवर बसून त्या डबा खायच्या. मला मामा म्हणायच्या. प्रयोगशाळेत सगळेच म्हणतात, पण त्यांच्या म्हणण्यात खरी बहिणीची लेक असल्यासारखं काहीतरी असायचं.

आता ती तार.

जानेवारीत बिबट्यानं आमची कालवड नेली. शेजारचा ऊस तोडणीला आला होता, त्यामुळं बिबट्याला लपायला जागा उरली नव्हती आणि तो दिवसाही फिरायचा. वहिनी घास कापायला एकटी जाईना. दादानं गोठ्याभोवती तारा ओढून झटका मशीन बसवलं. हे मशीन साधारण दर सेकंदाला तारेत एक ठोका सोडतं. जनावर मरत नाही, पण परत फिरकत नाही. मात्र मशीनची दुसरी तार ओल्या जमिनीत जावी लागते, तरच झटका बसतो. फेब्रुवारीत जमीन भेगाळली आणि झटका नुसता गुदगुल्या करण्यापुरता उरला. दादा म्हणाला, बिबट्या हसंल राव आपल्याला.

आमच्या भिंतीपलीकडं प्रयोगशाळेचा अर्थिंगचा खड्डा आहे. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा. त्यात रोज सकाळी दोन बादल्या पाणी मीच ओततो. तालुक्यात त्याच्याइतकी चांगली अर्थिंग कुणाची नसेल. खड्ड्याजवळ एक पाटी आहे: "येथे बाहेरचे काहीही जोडू नये." ती पाटीही मीच रंगवलेली. त्या रविवारी मी पाटीच्या मागून तार घातली. दादानं संध्याकाळी काठीला ओलं फडकं बांधून झटका तपासला आणि हात झाडत नाचतच घरात आला. वहिनी दुसऱ्या दिवशी घास कापायला एकटी गेली. मला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात मॅडमनी त्यांचा नवा ॲम्प्लिफायर यंत्रात घातला. थंड व्हायला दीड दिवस लागतो. थंड झाला, आणि पडद्यावर दर सेकंदाच्या आसपास एक टोक उठायला लागलं. चिप काही बोलत नसतानाही, आणि प्रत्येक टोकाबरोबर पडद्याच्या यंत्रातून बारीक आवाज. टुक. टुक. टुक.

आमचं थंडीचं यंत्रही असंच ठोके देतं, सेकंदाला एक-सव्वा. त्यामुळं सगळ्यांना वाटलं, यंत्राच्या ठोक्यानं आतलं काहीतरी हलतंय. बैठकीत प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी मला विचारलं. मी तीस वर्षं कॉम्प्रेसर ऐकलेला माणूस, माझ्या शब्दाला तिथं मान आहे. मी म्हणालो, बाँडच्या तारा ढिल्या असतील, ठोक्याबरोबर हलतात.

बाँडच्या तारा म्हणजे चिप आणि बाहेरची वायर यांच्यामधल्या केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारा. त्या मॅडम स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बसून लावायच्या. मॅडमनी वहीत माझं वाक्य उतरून घेतलं. वाद घातला नाही. यंत्र गरम केलं, उघडलं, सगळ्या तारा काढून परत लावल्या, बंद केलं, थंड केलं. यात चार-पाच दिवस जातात. टोक तिथंच. असं दोनदा झालं, मग तिसऱ्यांदा यंत्र उघडलं.

त्या दिवसांत मला शंका आली होती का? खरं सांगायचं तर आली नव्हती असंही म्हणवत नाही. यंत्राचा ठोका आणि पडद्यावरचं टोक एकत्र सुरू व्हायचे आणि मिनिटभरात वेगवेगळे पडायचे. हे माझ्या कानाला कळत होतं. अमोनियाचा पंप असा वेगळा पडला असता तर मी उठून बघितलं असतं. इथं मी चहा प्यायला गेलो.

मग घरात लग्न निघालं, दादाच्या मुलीचं. त्या एप्रिलमध्ये आमचं घर इतकं आनंदात होतं की आजही आठवलं की अंगात उत्साह येतो. बस्ता मॅडमच्या वडिलांच्या दुकानात बांधला. अठरा बायका एका टेम्पोतून मंचरला गेल्या आणि सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत गादीवर बसून राहिल्या. मॅडमच्या वडिलांनी एकेक लुगडं असं उलगडलं की जणू आत्ताच विणून आलंय. वहिनीनं नऊ वेळा विहिणीची साडी बदलली. मॅडम सुट्टी घेऊन आल्या होत्या. त्या वहिनीच्या कानात सांगत होत्या की वडील म्हणतील ती घेऊ नका, मागच्या कपाटातली मागा. वडिलांनी ते ऐकलं आणि म्हणाले, ही माझी मुलगी आहे की तुमची?

हळदीच्या आदल्या दिवशी दादानं झटका मशीन बंद केलं. घरात तीस-चाळीस पोरं येणार, मांडवडहाळे, म्हणजे मांडवाच्या फांद्यांची मिरवणूक, शेताच्या बाजूनं येणार, आचारी गोठ्याजवळ चुली मांडणार. चार दिवस मशीन बंद, आणि त्याऐवजी रात्री गोठ्यावर पाहुण्यांमधले दोन म्हातारे खाट टाकून राहिले. त्यांच्या घोरण्यानं बिबट्या शिनोलीच्या पलीकडं गेला असेल, असं सगळं घर म्हणत होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी तासाभरासाठी प्रयोगशाळेत गेलो, कारण कॉम्प्रेसरचं पाणी बघायचं होतं. मॅडम पडद्यासमोर उभ्या होत्या. पडदा स्वच्छ. त्यांनी चौथ्यांदा लावलेल्या तारांवर यंत्र आदल्या दिवशीच थंड झालं होतं. त्यांनी चिपेला हलकासा धक्का दिला, आणि पडद्यावर एकच टोक उभं राहिलं, सरळ, उंच. मग पुन्हा सपाट रेघ. मूठभर चिखल, पाटभर पाणी. त्या माझ्याकडे वळल्या आणि हसत राहिल्या. माझ्या कपाळाला हळद लागली होती, ती बघून म्हणाल्या, आज सगळंच पिवळं आणि चांगलं आहे मामा.

संध्याकाळी, ऊन असतानाच, त्या घरी आल्या. वहिनीनं त्यांच्यासाठी कांदा-लसणाशिवाय मासवड्या वेगळ्या केल्या होत्या. शहरातून आलेल्या एका पाव्हण्याला नावावरून वाटलं हे मासे आहेत. तो मॅडमना हळूच विचारायला लागला की तुम्हाला हे चालतं का. बेसनाची वडी आहे हे त्याला सांगेपर्यंत अख्ख्या पंगतीची हसून मुरकुंडी वळली. मॅडमनी चार वड्या खाल्ल्या. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मामा, माझ्या कच्च्या हातामुळं तुमचा दीड महिना गेला. तीनदा यंत्र उघडायला लावलं तुम्हाला. माफ करा."

मी म्हणालो, असू द्या हो मॅडम. अगदी मोठ्या मनानं म्हणालो.

लग्न झालं, मुलगी सासरी गेली, मांडव उतरला. सोमवारी सकाळी दादानं मशीन सुरू केलं. दहा वाजता मी प्रयोगशाळेत शिरलो तर मॅडम खुर्चीत बसलेल्या, आणि पडद्यावर टुक, टुक, टुक.

मी दारातच उभा राहिलो. कानात दोन ठोके वेगवेगळे ऐकू येत होते, आणि या वेळी त्यातला दुसरा कुठला हे मला माहीत होतं. सकाळीच गोठ्यावर ऐकून आलो होतो.

जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीपलीकडं गेलो आणि तार सोडली. दादाच्या मशीनसाठी विहिरीच्या थारोळ्याजवळच्या कायम ओल्या जागेत दुसरी सळई ठोकली. हे मला फेब्रुवारीतच सुचायला हवं होतं. तीस फूट तार जास्त लागली, एवढंच. परत आलो तर पडदा स्वच्छ. सरांनी विचारलं, काय केलंत? मी म्हणालो, एक जोड घट्ट केला. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

त्यानंतर नऊ दिवस मी गप्प होतो. भीती नोकरीची होती, पाटीची होती, आणि सगळ्यात जास्त त्या तीस वर्षांच्या कानाची होती. मला वाटलं, आता चाललंय ना, मग झालं. पण मॅडम स्वतःला सोडत नव्हत्या. बाहेरचा एक जोड घट्ट करून आतलं टोक जाईल हे त्यांना पटत नव्हतं. काही न करता टोक येतं, काही न करता जातं, मग परत येतं. म्हणजे आपल्या तारांचा भरवसा नाही, असा हिशेब त्यांनी मांडला. शुक्रवारी अहवाल पुण्याला जायचा होता. बुधवारी त्यांनी मला शेवटचं पान वाचून दाखवलं, कारण त्यात माझ्या मदतीचे आभार होते. वरच्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं की हा ॲम्प्लिफायर विश्वासार्ह नाही, त्याचं काम थांबवावं आणि बाजारात मिळणारा साधा ॲम्प्लिफायर वापरावा. चार वर्षं त्यांनी चार ओळींत आणि स्वतःच्या हातानं बंद केली होती. वाचताना आवाज अगदी शांत होता.

घरी आल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. त्यानं मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाला, "तार माझ्या गोठ्याची व्हती. मी येतो संगं. पर बोलायचं तू."

गुरुवारी साडेपाचला मॅडम पायरीवर डबा उघडून बसल्या होत्या. आम्ही दोघं समोर उभे राहिलो. दादाच्या काखेत झटका मशीन, माझ्या हातात हिरवी तार. मी फेब्रुवारीतल्या त्या रविवारपासून लग्नानंतरच्या सोमवारपर्यंत सगळं सांगितलं, पाटीसकट. त्या ऐकत राहिल्या. घास हातातच राहिला.

"चार वेळा मामा," त्या शेवटी म्हणाल्या. "चार वेळा लावल्या मी त्या तारा. चौथ्या वेळी प्रत्येक तार लावून मी ती दोनदा बघत होते."

त्यांनी डबा झाकला. मला वाटलं, आता उठून जातील. त्या उठल्या, पण गेल्या नाहीत. म्हणाल्या, जोडा.

आम्ही मशीन सुरू करून तार पुन्हा खड्ड्याला जोडली, आणि दादाला तिथंच ठेवून मॅडम आणि मी आत गेलो. टुक, टुक. दादा भिंतीपलीकडून ओरडला, काढू का? काढली. सपाट. लावली. टुक. मॅडमनी घड्याळ लावून ठोके मोजले, मग भिंतीशी जाऊन मशीनचे मोजले. दोन्ही तंतोतंत एक. असं सात-आठ वेळा केलं. आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा उजळत गेला की मी फक्त बघत राहिलो.

"म्हणजे हा ॲम्प्लिफायर खोटं बोलतच नव्हता," त्या म्हणाल्या. "गोठ्यातला ठोकासुद्धा ऐकत होता."

"लई तिखट कान हाय की," दादा भिंतीवरून डोकावून म्हणाला. "आमच्या ह्याच्यापरीस बरा."

त्या हसल्या. सूर्य कधीच बुडाला होता आणि डबा तसाच राहिला होता. म्हणाल्या, आज उपास घडला, तुमच्या खात्यावर. अहवालाचं ते शेवटचं पान त्यांनी माझ्यासमोर चार तुकडे करून टोपलीत टाकलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. "मला एकटीला नको," त्या म्हणाल्या. "तारा ढिल्या आहेत हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात."

खरं होतं ते. शुक्रवारी सकाळची बैठक होती. सर होते, दोन शिकाऊ मुली होत्या, पुण्याचे दोघं पडद्यावर होते. माझ्या पायाजवळ ती हिरवी तार गुंडाळून ठेवलेली होती. मी उभा राहिलो. बसून बोलायची सवय आहे आमच्याकडे, पण मी उभा राहिलो.

"फेब्रुवारीत मी इथं म्हणालो होतो की मॅडमच्या तारा ढिल्या आहेत. त्या ढिल्या नव्हत्या, एकदाही नव्हत्या. आपल्या अर्थिंगला माझ्या भावाचं झटका मशीन मी जोडलं होतं, ही त्याची तार. कळल्यावरही मी नऊ दिवस सांगितलं नाही, आणि सरांनी पाठीवर ठेवलेला हात तसाच राहू दिला. लग्नात मॅडमनी माझी माफी मागितली, ती मी घेतली. ती आज परत करतो. मॅडम, तुमचा हात पक्का होता. माझं चुकलं. मला माफ करा."